एका कापाच्या मेंढ्या

माझ्या प्रोग्रामनं एकदा छापून दिलं होतं, की खुलताबादच्या डोंगरावरच्या मेंढीला सरासरी पावणेपाच दात असतात. तो कागद मेंढपाळांच्या संस्थेत पोचला आणि तासाभरात तिथले सेक्रेटरी भानुदास यांचा फोन आला. "म्याडम, पाऊण दाताची मेंढी बघायला माणसं जमलीत. कधी दाखवताय?"

मी संभाजीनगरला गारखेड्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून आधी रागावले आणि मग खूप हसले. मेंढपाळाला मेंढीचं वय विचारा, तो महिने सांगत नाही. तिचा खालचा ओठ बाजूला करतो आणि सांगतो, आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेली, मग दोनदाती, चारदाती, सहादाती. आठ झाले की म्हणतो, जुळली. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात, त्यावरून हा हिशेब. मी दातांच्या खान्यात दोन, चार, सहा, आठ असे आकडे भरून घेतले होते. आकडे दिसले की संगणक बेरीज करणार, भागणार आणि पावणेपाच दात काढून दाखवणार. त्याचा काय दोष? दात म्हणजे आकडा, असं त्याला मीच सांगितलं होतं.

हे असं सांगणं, म्हणजे कुठल्या गोष्टीला काय समजायचं ते संगणकाला सांगणं, यात माझी तीस वर्षं गेली. सुरुवातीला चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत नोकरी केली, मग स्वतःचंच काम. शेजारच्या काकू अजूनही मोबाइल अडकला की माझ्या दाराची बेल वाजवतात. त्यांच्या दृष्टीनं संगणकाची बाई म्हणजे डबा उघडून दुरुस्त करणारी. मी आयुष्यात एकही डबा उघडलेला नाही.

माझं काम तक्त्यांचं. शाळेच्या हजेरीपुस्तकात उभे खाने आणि आडव्या ओळी असतात ना, तसे तक्ते. एका तक्त्यात मेंढ्या, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात लशी. या तक्त्यांचं एक बीजगणित असतं. नाव फार भारदस्त आहे, रिलेशनल अल्जिब्रा, पण क्रिया घरगुती आहेत. हव्या त्या ओळी निवडायच्या, नको ते खाने टाकून द्यायचे, एका तक्त्यातून दुसरा वजा करायचा, दोन तक्ते एकमेकांना जोडायचे. जोड हा यातला राजा. मेंढ्यांच्या तक्त्यातली खूण मालकांच्या तक्त्यातल्या खुणेशी जुळली की दोन ओळी शेजारी येतात आणि कळतं, ही मेंढी कुणाची.

सगळी मदार त्या 'जुळली'वर आहे. संगणकाला उपजत जुळवता येतं ते तीनच प्रकारांत: आकडा, मजकूर आणि तारीख. जगातल्या बाकी गोष्टी या तीन डब्यांत कोंबायच्या, किंवा आपला स्वतःचा डबा तयार करायचा. तो तयार करणं हीच माझी खासियत होती. स्वतःचा प्रकार करायचा म्हणजे संगणकाला चार गोष्टी शिकवायच्या. यात काय भरता येईल, ते कागदावर कसं दिसेल, त्याच्यावर कुठल्या क्रिया चालतील, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दोन नोंदी एकसारख्या कधी मानायच्या.

हे मला शिकवलं गंगापूरकडच्या एका पाणीवापर संस्थेनं. सभासदांच्या जमिनी एकर-गुंठ्यात होत्या. एक एकर पस्तीस गुंठे हे लिहायचे १.३५. कारकुनानं तसंच भरलं, मीही आकडा म्हणून तसंच घेतलं. एका म्हाताऱ्या सभासदाच्या दोन पट्ट्या होत्या, एक १.३५ ची आणि एक दहा गुंठ्याची. प्रोग्रामनं बेरीज छापली १.४५. म्हातारा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "ताई, चाळीस गुंठ्याला एकर व्हतो असं आम्ही आजवर धरून चाललो. पंचेचाळीस गुंठ्याचा एकर कुठल्या मुलखात असतो? तिकडंच जमीन घेतो मी." सगळी बैठक हसली. त्याची बेरीज तोंडी झाली होती, दोन एकर पाच गुंठे. मी घरी येऊन 'एकर-गुंठे' असा नवा प्रकार लिहिला. चाळीस झाले की हातचा एक. नंतर त्या बेरजेला कुणी नाव ठेवलं नाही.

दातांचंही मी तसंच केलं. 'दात' हा प्रकार लिहिला, त्यात पाचच टप्पे. बेरीज बंद, भागाकार बंद. एक नियम असा, की टप्पा पुढं जाईल, मागं येणार नाही. गेल्या वर्षी सहादाती लिहिलेली मेंढी यंदा दोनदाती भरली, तर प्रोग्राम अडवायचा आणि सांगायचा, "मेंढी तरुण होत नाही." हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. भानुदासांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते संस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं. खरं सांगते, त्या दिवसांत माझी मान जरा ताठच असायची.

आणि मग कानाची गोष्ट आली.

संस्थेत चाळीसेक कुटुंबं. लसीकरणाची नोंद ठेवायची म्हणून प्रत्येक मेंढीच्या उजव्या कानात नंबराचा पिवळा प्लास्टिकचा बिल्ला टोचला होता. पण डोंगरात बोरी-बाभळींची जाळी फार. बिल्ले हरवायचे. बिल्ला हरवलेली मेंढी कुणाची हे कसं ओळखायचं, असं मी विचारलं तेव्हा भानुदासांनी माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई शहरातून आली आहे हे त्यांना नव्यानं आठवलं असावं. म्हणाले, "कान बघायचा."

प्रत्येक घराची कानाची खूण ठरलेली. कोकरू लहान असतानाच चाकूनं काप देतात. एका घराचा उजव्या कानाला एक काप, दुसऱ्या घराचे दोन, कुणी डाव्या कानाचं टोक उडवतं. पिढ्यान् पिढ्या कुणी दुसऱ्याची खूण घेत नाही. मी तर हरखूनच गेले. आयती ओळख! मी एक खाना वाढवला आणि मजकूर म्हणून भरून घेतलं. उजव्या कानाला एक काप म्हणजे उ१. दोन काप म्हणजे उ२. अक्षर सारखं, आकडा सारखा, म्हणजे मालक सापडला. दातांसाठी मी आठवडा घालवला होता, कानासाठी वीस मिनिटं. मला वाटलं, काप म्हणजे मोजायची गोष्ट. यात काय शिकवायचं संगणकाला?

मालक सापडला की एक चिठ्ठी छापली जायची. तिच्यावर ठळक अक्षरांत मथळा असायचा, 'मालकी निश्चित'. तो मथळाही माझाच.

त्या वर्षी होळीनंतर एका दुपारी गारपीट झाली. दोन कळप एकाच ओहोळात आसऱ्याला घुसले. एक बाजीरावांचा, तीनशेवर मेंढ्या आणि चार गडी असलेला. दुसरा गिरजाबाईंचा. गिरजाबाई पन्नाशी उलटलेल्या, नवरा वारलेला, सुनेला सोबत घेऊन चाळीसेक मेंढ्या राखायच्या. शिवाय बाहेरगावचे काही कळपही त्या दिवशी डोंगरातून चालले होते. गारा थांबल्यावर बिल्ले बघून मेंढ्या वेगळ्या केल्या. शेवटी बिन-बिल्ल्याच्या वीस उरल्या. त्या संस्थेच्या आवारात कोंडल्या आणि दोन दिवसांनी सभा बोलावली. मी त्या दिवशी लशीच्या नोंदी शिकवायला तिथंच गेले होते.

सभा म्हणजे पत्र्याची शेड, खाली पोती, समोर टेबलावर माझा लॅपटॉप. गिरजाबाई मेंढ्यांमध्येच उभ्या होत्या.

"ह्या अकरा माझ्या," त्या म्हणाल्या. "ही काळ्या तोंडाची. ही मागच्या पायानं लंगडती. हिला जुळी कोकरं हायेत, घरी वरडायलेत दोन दिस झाले."

बाजीराव शांत माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "काळ्या तोंडाच्या माझ्याकडं साठ हायेत, वयनी. माझ्याबी दहा-अकरा कमी हायेत. मी काय तुमच्या नेऊ म्हणत नाय. खूण बघा."

भानुदास माझ्याकडं वळले. "म्याडम, कागद काढा."

माझ्याबरोबर नोंद घेणाऱ्या माणसानं वीसच्या वीस कान बघून काप मोजले होते. अकरा मेंढ्यांना दोन काप. नऊ मेंढ्यांना तीन. मी बटण दाबलं. अकरा मेंढ्या, उ२, मालक बाजीराव, मालकी निश्चित. नऊ मेंढ्या, उ३, खूण नोंदीत नाही. तीन कापांचं घर आमच्या चाळिसांत नव्हतंच. त्या नऊ बाहेरगावच्या असतील, असं ठरलं आणि त्या आवारात राहिल्या.

गिरजाबाईंच्या घरची खूण एक काप.

त्या पुढं आल्या. एका मेंढीला गुडघ्यात धरून त्यांनी तिचा कान माझ्या हातात दिला. "हात लावून बघा बाई. ह्यो वरचा काप चाकूचा हाय, कड कशी गुळगुळीत हाय बघा. ह्यो खालचा काप न्हवंच. फाटलंय ते. दातरं दातरं लागतंय का नाय बोटाला?"

मी कान बोटांत धरला. तो गरम होता, एवढंच आठवतं. कड गुळगुळीत आहे की खरखरीत, हे मी बघितलंच नाही. माझ्या तक्त्यात खरखरीतपणाला खानाच नव्हता.

"गिरजाबाई, काप किती आहेत? मोजा ना तुम्हीच."

"मोजून दोनच दिसत्यात, पर…"

"मग झालं," मी म्हणाले.

ते 'मग झालं' मी आवाज चढवून म्हटलं नव्हतं. उलट हसून, समजुतीच्या सुरात म्हटलं होतं. त्याचीच मला जास्त लाज वाटते. मागून कुणीतरी बोललं, "मशीन कशाला खोटं बोलंल?" बस, तिथं फैसला झाला. मशीन खोटं बोलत नाही, म्हणजे कोण बोलतंय ते उघड होतं. सभेच्या वहीत लिहिलं गेलं: गिरजाबाईंचा दावा खोटा ठरला. बाजीरावांचे गडी अकरा मेंढ्या हाकत घेऊन गेले. लंगडी सगळ्यांत मागं होती.

मी संध्याकाळच्या बसनं संभाजीनगरला परत आले. प्रोग्राम भर सभेत चालला याचा आनंद होता मला. घरी सांगितलंसुद्धा.

तीन आठवड्यांनी मी नोंदी साफ करायला बसले. आमच्या धंद्यात एक खोड असते. जोड न लागलेली ओळ तक्त्यात पडून राहिली, की दातात अडकलेल्या सुपारीसारखी ती टोचत राहते. 'खूण नोंदीत नाही' अशा ओळी बऱ्याच साठल्या होत्या. आजवर मी त्यांचं खापर नोंद घेणाऱ्यांवर फोडत आले होते. काप नीट मोजा, घाई करू नका, असं पत्रही मी भानुदासांना पाठवलं होतं. त्या दुपारी मी प्रोग्राम सुरू झाल्यापासूनच्या बिल्ला हरवलेल्या सगळ्या मेंढ्या निवडल्या आणि कापांप्रमाणे त्यांचे गट पाडले.

दोन कापांच्या होत्या. तीन कापांच्या होत्या. डाव्या कानाचं टोक उडवलेलं आणि शिवाय उजव्या कानाला एक काप, अशाही होत्या. फक्त उजवा एक काप असलेली मेंढी मात्र एकही नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, निवड चुकली. पुन्हा केली. तेच. एका कापाच्या खुणेचं घर गिरजाबाईंचं. बाकी सगळ्यांचे बिल्ले हरवतात आणि गिरजाबाईंच्या मेंढीचा एवढ्या वर्षांत एकदाही हरवत नाही? आणि ज्यांची खूण डाव्या कानावर, त्यांच्या मेंढ्यांना उजव्या कानावर काप कुठून आला? प्रत्येक न जुळलेली ओळ कुठल्या ना कुठल्या खऱ्या खुणेपेक्षा एका कापानं जास्त होती. बरोबर एकानं. आणि तो जादा काप प्रत्येक वेळी उजव्याच कानाला.

मी भानुदासांना फोन लावला. "बिल्ला तुटतो म्हणजे नेमकं काय होतं हो?"

ते हसले. "तुटतो कुठं म्याडम? त्यो लई चिवट असतो. काट्यात अडकला की कान फाडून जातो."

"कान फाडून म्हणजे?"

"म्हंजी चिरत जातो ना कडंपतूर. काप दिल्यावानी दिसतं."

मी फोन टेबलावर ठेवला आणि यादीतला एकेक जादा काप खोडत गेले. त्यांना वाटलं लाइन गेली, ते हॅलो हॅलो करत राहिले. बिल्ला उजव्या कानात टोचायला सांगितला होता मी. बिल्ला हरवलेली मेंढी ओळखायला कानाची खूण घ्या, हेही मीच सांगितलं होतं. आणि बिल्ला हरवताना कानाची खूणच बदलते, हे डोंगरावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, मला सोडून. गिरजाबाईंच्या एका कापाचे दोन झाले होते. बाजीरावांच्या दोनाचे तीन झाले होते. त्या नऊ बाहेरगावच्या नव्हत्याच, बाजीरावांच्या होत्या. आमच्याच आवारात बांधून ठेवल्या होत्या.

"भानुदास," मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला फाटलेला कान दिसला नाही का?"

"दिसला की. समद्यांनाच दिसला."

"मग बोलला का नाही कुणी?"

"आम्हाला वाटलं म्याडम, यंत्रानं फाटलेलं धरूनच हिशेब केला असंल. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. दाताचं कसं बराबर पकडतंय ते."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. माझी भिस्त नोंद घेणाऱ्याच्या डोळ्यांवर, त्याची भिस्त माझ्या अकलेवर, आणि सभेची भिस्त दोघांवर. मधल्यामध्ये एक बाई खरं सांगत होती. तिच्यावर कुणाचीच भिस्त नव्हती.

भानुदासांनी त्याच दिवशी बाजीरावांना गाठलं. मला वाटलं होतं भांडण होणार, दुसरा कागद मागतील, मला बोलावतील. तसं काही झालं नाही. बाजीरावांनी एका मेंढीचा कान अंगठ्यानं चाचपला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. गड्यांना म्हणाले, "वेगळ्या काढा." दुसऱ्या दिवशी स्वतः हाकत गिरजाबाईंच्या दारात नेऊन सोडल्या. दहा. जुळ्यांची आई मधल्या काळात मेली होती. कासेला सूज येऊन मेली, असं गड्यांनी सांगितलं. प्यायला कोकरं नव्हती आणि तीनशेंच्या कळपात तिची कास कुणी बघितली नव्हती. कोकरंही जगली नाहीत.

मी चार दिवस घालवून 'कानखूण' हा नवा प्रकार लिहिला. या वेळी घाई केली नाही. डोंगरावर जाऊन कान बघत बसले आणि भानुदासांना विचारून विचारून लिहिला. आता प्रत्येक कापासोबत कान कुठला, जागा कुठली आणि कड कशी, चाकूची की फाटलेली, हे भरावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा बदल 'जुळली'च्या अर्थात. इतकी वर्षं मी समजत होते, की अ जर ब-सारखा असेल तर ब अ-सारखा असणारच. कानाचं तसं नाही. काप वाढू शकतो, मिटू शकत नाही. एका कापाची नोंद असलेली मेंढी आज दोन कापांची दिसू शकते. दोन कापांची नोंद असलेली मात्र एका कापाची कधीच दिसणार नाही. म्हणून प्रोग्राम आता 'हो' आणि 'नाही' याशिवाय तिसरं उत्तर देतो, 'असू शकेल', आणि त्याखाली ज्यांची ज्यांची असू शकेल त्या सगळ्यांची नावं. 'मालकी निश्चित' हा मथळा मी काढून टाकला. काही लोकांनी कुरकुर केली, की आधीचं यंत्र बरं होतं, एकच नाव द्यायचं.

मग मी गिरजाबाईंकडं गेले. त्या दाराशी बसून लोकर निवडत होत्या. सुनेनं चहा दिला. मी चुकीबद्दल बोलायला लागले आणि बोलता बोलता प्रोग्राम कसा सुधारला तेच सांगत सुटले. माझी जुनी सवय. त्यांनी ऐकून घेतलं.

"मेंढ्या आल्या, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पर येत्या गुरुवारी समदे कळप गोदाकाठाकडं निघायलेत. मला सोबत घ्यायला कुणी तयार नाय."

उन्हाळ्यात डोंगरावर चारा राहत नाही. तेव्हा हे लोक दोन-तीन महिने गोदावरीच्या काठानं, पीक निघालेल्या रानांत कळप बसवत हिंडतात. एकटं कुणी जात नाही. रस्त्यावर ट्रक, रानात कुत्री, शिवाय मुक्कामाला जागा मिळवायची असते. एकट्या दोन बायांना तर ते अशक्यच.

"का तयार नाहीत? मेंढ्या तर तुमच्याच निघाल्या."

"बाजीरावानं भल्या मनानं दिल्या, असं म्हणत्यात लोक. माझ्या व्हत्या म्हणून दिल्या, असं कोण म्हणतंय? खोट्या बाईचा कळप मिसळला तर पुन्यांदा तेच भांडण, म्हणत्यात." त्या लोकरीतून काटे काढत होत्या, हात थांबला नव्हता. "हितं राहिलो तर वैशाखापतूर निम्म्याबी जगायच्या नायत."

"मी भानुदासांना सांगून वहीतली नोंद दुरुस्त करून घेते. आजच."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "वही कोण वाचतंय, बाई? तुम्ही समद्यांसमोर म्हणला व्हता. समद्यांसमोरच म्हणा."

कळप निघायच्या आदल्या दिवशी सभा भरली. तीच शेड. चाळीसही घरांची माणसं आली होती, कारण वाटेचं ठरायचं होतं. मी तयारी करून गेले होते. मोठ्या कागदावर कानांची चित्रं काढून नेली होती. तीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर उभी राहिलेली बाई मी, मला बोलायची कसली भीती? भानुदासांनी नाव पुकारलं आणि मी उभी राहिले.

"मागच्या सभेत जी चिठ्ठी निघाली," मी सुरुवात केली, "तिच्यात तुलनेच्या नियमात एक त्रुटी राहिली होती. त्याचं असं झालं, की नोंदीचा प्रकार ठरवताना…"

चेहरे तसेच. कुणी तंबाखू मळत होतं. गिरजाबाई पुढच्या पोत्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या. मी चित्राचा कागद उलगडायला घेतला, तो हातातून निसटला.

"म्याडम," बाजीराव मागून म्हणाले, "सोप्यात सांगा."

मी कागद उचलला नाही.

"गिरजाबाई खरं बोलत होत्या," मी म्हणाले. "अकराही मेंढ्या त्यांच्याच होत्या. बाजीरावांनी मेहरबानी म्हणून दिलेल्या नाहीत, त्यांच्या होत्या म्हणून दिल्या. त्यांनी माझ्या हातात कान देऊन मला दाखवलं होतं. मी बघितलं नाही. यंत्रानं मी सांगितलं तेवढंच केलं. चूक माझी आहे. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांची एक मेंढी आणि दोन कोकरं माझ्यामुळं मेली."

बाजीरावांनी घसा साफ केला.

"वयनी, उद्या सकाळी म्हसोबाच्या माळावरनं निघायचंय. कळप आणा. माझ्या म्होरं चाला."

गिरजाबाईंनी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. बसल्या होत्या त्या पोत्यावर त्या थोड्या सरकल्या, शेजारची जागा हातानं झटकली, आणि मला म्हणाल्या, "बसा आता, बाई."